व्हीएस कोड वापरा बिनधास्त, पण टर्मिनलशी कट्टी नको

कोड लिहायला एडिटर कुठला वापरू असं विचारायच्या आधी समोरचं काम अर्थाचं आहे की नुसत्या अक्षरांचं एवढं बघा, निम्मा वाद तिथेच मिटतो. अर्थाचं काम म्हणजे हे फंक्शन कुठून कुठून कॉल होतंय, हा क्लास नेमका कुठे लिहिलाय, याचं नाव बदललं तर काय काय हलेल. अक्षरांचं काम म्हणजे दोन जीबीच्या लॉगमधे (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींच्या फाइलीत) काल रात्री टाइमआउट किती वेळा आला, किंवा शंभर कॉन्फिग फाइलींमधे जुना सर्व्हरचा पत्ता काढून नवा टाकायचा. पहिल्याला व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा एडिटर), दुसऱ्याला टर्मिनल (कमांडी टाइप करायची खिडकी), माझा साधा हिशोब हा. उलटं करायला गेलात तरी होतं सगळं, पण घाम निघतो.

(कमांडी इथे बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत. शॉर्टकट विंडोज-लिनक्सचे आहेत, मॅकवाल्यांनी व्हीएस कोडमधे बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड धरून चालावं, टर्मिनलमधे मात्र कंट्रोलच.)

नाव बदलायचंच घ्या. कोडमधे आयडी नावाचं व्हेरिएबल आहे आणि ते युजरआयडी करायचंय. टर्मिनलवाला पटकन सेड (शोधून बदलणारी कमांड) मारतो आणि मग लक्षात येतं की इंग्रजीतली ती दोन अक्षरं विड्थच्या मधे पण आहेत आणि व्हॅलिडच्या शेवटी पण आहेत, सगळीकडे युजरआयडी घुसलं. शब्दाच्या सीमा लावून सेड सुधारता येतो, तरी दुसऱ्या फंक्शनमधला दुसराच आयडी त्याला वेगळा कळणार नाही कारण त्याला फक्त अक्षरं दिसतात. व्हीएस कोडमधे त्या नावावर कर्सर ठेवून एफ-टू दाबलं की मागे चालू असलेला लँग्वेज सर्व्हर (कोडचा अर्थ समजणारा प्रोग्राम) स्कोप, म्हणजे ते नाव कुठवर लागू आहे ते बघून तेवढंच बदलतो. ही लँग्वेज सर्व्हरची भानगड मायक्रोसॉफ्टने २०१६ मधे सगळ्यांसाठी खुली केली, त्यामुळे आता निओविम आणि ईमॅक्स हे टर्मिनलमधे चालणारे एडिटरपण तेच सर्व्हर वापरतात, म्हणजे टर्मिनलमधे गो टू डेफिनिशन (नाव मुळात जिथे लिहिलंय तिथे उडी) होत नाही हे आता खरं राहिलेलं नाही. फरक एवढाच की व्हीएस कोडमधे ते एक्स्टेंशन टाकलं की मिळतं आणि निओविममधे त्याच्या कॉन्फिगमधे एक संध्याकाळ जाते, हौस असेल तर अख्खा वीकेंड.

पण एफ-टूवरसुद्धा डोळे झाकून विश्वास नको. स्ट्रिंगच्या आत लिहिलेलं नाव, एसक्यूएलमधला कॉलम, वायएएमएल मधली की, टेम्प्लेटमधलं नाव, हे बऱ्याचदा त्याच्या नजरेत येत नाही, आणि पायथॉन किंवा जुन्या जावास्क्रिप्टमधे तर टाइप लिहिलेले नसतील तर तो पण अंदाजानेच चालतो. म्हणून एफ-टू झालं की लगेच टर्मिनलमधे जुन्या नावावर गिट ग्रेप मारायचं, म्हणजे गिट (कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारं साधन) सांभाळतं त्या फाइलींमधे ते शोधायचं. जे उरलंय ते दिसतं, त्यातलं खरंच बदलायचं ते हाताने बदलायचं. हा दोन पायऱ्यांचा क्रम एकदा अंगवळणी पडला की रिव्ह्यूमधे "इथे राहिलं की" अशा कमेंटी येणं जवळपास बंद होतं.

आता व्हीएस कोडकडे. हा आला २०१५ मधे, आणि आज बहुतेक टीममधे निम्म्याहून जास्त स्क्रीनवर तोच दिसतो, पण त्यातले बरेच लोक तो डावीकडच्या फाइलींच्या झाडात माउसने क्लिक करत करत वापरतात. सोर्स, मग मेन, मग जावा, मग कंपनीचं नाव, मग प्रोजेक्टचं नाव, असं सात फोल्डर खाली उतरायचं आणि फाइल चुकली की परत वर. कंट्रोल-बी दाबून ती साइडबार बंदच करा काही दिवस. फाइल उघडायची तर कंट्रोल-पी, आणि पूर्ण नाव टाइप करायची गरज नाही, मधली मधली अक्षरं चालतात, युजरसर्व्हिसटेस्ट पाहिजे तर यूएसटी एवढ्यावर बहुतेक वेळा वरच येते. त्याच खिडकीत आधी ॲट चिन्ह टाइप केलं तर चालू फाइलमधली फंक्शनं, हॅश टाइप केलं तर पूर्ण प्रोजेक्टमधली, कोलन टाकून आकडा दिला तर थेट त्या ओळीवर. आणि बाकी काहीही आठवत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-पी, त्यात जे पाहिजे ते इंग्रजीत शोधा, शेजारी त्याचा शॉर्टकटपण लिहिलेला असतो, मेनू धुंडाळायची गरजच नाही.

अनोळखी कोड वाचायला एफ-ट्वेल्व्ह ने डेफिनिशनला जायचं, शिफ्ट-एफ-ट्वेल्व्ह ने कोण कोण वापरतंय ते बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत यायचं. हे परत येणं लोकांना माहीतच नसतं. चार डेफिनिशन आत गेल्यावर कुठून निघालो होतो तेच विसरतं, वरती अठरा टॅब उघडलेले असतात. विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण, लिनक्सवर कंट्रोल-ऑल्ट-मायनस, मॅकवर कंट्रोल-मायनस. ही एकच गोष्ट या लेखातून घेतली तरी मी समाधानी.

कंट्रोल-डी ने सारखे शब्द एकेक करून सिलेक्ट होतात आणि सगळीकडे एकदम टाइप करता येतं, दहा-पंधरा ओळींच्या आत हे फार मस्त चालतं. त्याच्यापुढे गेलं की मल्टीकर्सरने डोळ्यांना त्रास, तिथे रेजेक्स (शोधायचा नमुना) घालून रिप्लेस बरं. ऑल्ट आणि वर-खाली बाण म्हणजे ओळ उचलून हलवायची, कंट्रोल-स्लॅश म्हणजे कमेंट. एवढं पुरतं, शॉर्टकटचं पोस्टर छापून भिंतीवर लावू नका, कोणी बघत नाही.

व्हीएस कोड स्लो झालाय ही तक्रार आली की आधी एक्स्टेंशन बघा. कंट्रोल-शिफ्ट-पी मधे एक्स्टेंशन बायसेक्ट नावाची कमांड आहे, ती निम्मी एक्स्टेंशन बंद करून विचारते प्रॉब्लेम अजून आहे का, मग उरलेल्यातली निम्मी, असं करत करत गुन्हेगार हाताला लागतो. लोक याच्याऐवजी सगळं अनइन्स्टॉल करून परत टाकतात आणि परत तीच तीस एक्स्टेंशन टाकतात.

सर्चबद्दल एक. कंट्रोल-शिफ्ट-एफ च्या आत रिपग्रेप नावाचा शोधणारा प्रोग्राम चालतो म्हणून तो इतका फास्ट आहे, पण तो गिटइग्नोरमधल्या (गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या) फाइली बघत नाही. त्यामुळे जनरेट झालेल्या कोडमधे किंवा लोकल कॉन्फिगमधे काहीतरी शोधताय आणि नो रिझल्ट येतंय तर लगेच "हे नाहीचे कुठे" म्हणू नका. सर्चमधे फाइल्स टू एक्सक्लूडच्या शेजारी एक छोटं गिअरसारखं बटण आहे ते बंद करा, किंवा सरळ टर्मिनलमधे ग्रेप मायनस आर मारा, तो गिटइग्नोर बघतच नाही.

आता टर्मिनलकडे वळू, कारण इथेच नवीन पोरं बिचकतात. मोठा लॉग व्हीएस कोडमधे उघडायचाच नाही, फॅन फिरायला लागतो आणि कलरिंगबिलरिंग तो स्वतःच बंद करून टाकतो. विम (टर्मिनलमधला एडिटर, पुढे येतोच) पण पूर्ण फाइल वाचायला जातो. लेस (फाइल नुसती वाचायची कमांड) वापरा, तो लागेल तेवढंच वाचतो म्हणून पाच जीबीची फाइलपण लगेच उघडते. स्लॅश टाकून शोधायचं, एन ने पुढचं, कॅपिटल एन ने मागचं, कॅपिटल जी ने शेवट. कॅपिटल एफ दाबलं की टेल मायनस एफ सारखा नवीन ओळी दाखवत बसतो, कंट्रोल-सी ने थांबवून वर जाऊन शोधायचं, परत कॅपिटल एफ. म्हणून मी टेल मायनस एफ जवळपास वापरतच नाही.

आणि पाइप, म्हणजे एका कमांडीचा आउटपुट दुसरीला देणं. कुठल्या आयपीवरून सगळ्यात जास्त रिक्वेस्टी येतायत हे इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमधून काढायचंय, तर ऑकने पहिला कॉलम काढा, सॉर्ट करा, युनिक मायनस सी ने मोजा, परत सॉर्ट मायनस आरएन, शेवटी हेड. पाच तुकडे, एक ओळ. यातलं पहिलं सॉर्ट लोक विसरतात, आणि युनिक फक्त एकाखाली एक असलेल्या सारख्या ओळीच एकत्र करतो त्यामुळे मोजणी चुकीची येते आणि एरर काहीच दिसत नाही, म्हणून ते लक्षात ठेवा. हेच काम पाइपशिवाय करायचं म्हणून एक्सेलमधे पेस्ट करून पिव्होट लावणारे पण मी पाहिलेत. चालतं, पण लॉग एक्सेलच्या दहा लाख अठ्ठेचाळीस हजार ओळींच्या वर गेला की संपलं.

ही हत्यारं जुनी आहेत म्हणजे किती जुनी, तर ग्रेप १९७३ च्या आसपासचा, केन थॉम्पसनचा, आणि नाव आलंय ईडी नावाच्या त्याहून जुन्या एडिटरच्या कमांडवरून. त्या एडिटरमधे ओळी एका कागदाच्या रोलवर छापून यायच्या, स्क्रीनच नव्हती. म्हणून हे सगळे प्रोग्राम ओळीओळीने विचार करतात, आत ओळी जातात बाहेर ओळी येतात, आणि म्हणूनच एकमेकांना जोडता येतात. ओळीच्या पलीकडचं काही असेल, म्हणजे जेसन किंवा एक्सएमएल, तिथे ग्रेपशी झटापट करत बसू नका, जेसनला जेक्यू वापरा.

बॅशमधे (टर्मिनलमधे कमांडी चालवतो तो प्रोग्राम) टाइप करताना बाण दाबून मागच्या चाळीस कमांडी शोधणं थांबवा. कंट्रोल-आर दाबा, आठवेल तो तुकडा टाइप करा, परत कंट्रोल-आर म्हणजे त्याच्या आधीची. कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई शेवटी, हे दोन्ही ईमॅक्समधून आलेत, म्हणजे ईमॅक्स कधी उघडला नाही तरी रोज थोडा वापरताच आहात (ईमॅक्सवाल्यांचा उल्लेख झाला, आता त्यांनी रागावू नये). आणि कमांड फारच लांब झाली, कोट्स जुळत नाहीयेत, तर कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-ई, पूर्ण ओळ एडिटरमधे उघडते, नीट करायची, सेव्ह करून बाहेर आलं की चालते. चालते म्हणजे लगेच चालते, विचारत नाही, तर आत आरएम (फाइल उडवणारी कमांड) वगैरे असेल तर रिकामी करून बाहेर पडा.

सेडने बऱ्याच फाइली एकदम बदलायच्या असतील तर एकच नियम, आधी गिट स्टेटस स्वच्छ पाहिजे. म्हणजे नंतर गिट डिफमधे फक्त सेडने केलेलं दिसतं आणि बिघडलं तर एका कमांडीत मागे. आणि सेड मायनस आय मॅकवर वेगळा वागतो, तिथे मायनस आय नंतर रिकामे कोट द्यावे लागतात, लिनक्सवर नाही. टीममधे दोन्ही मशिनी असतील तर स्क्रिप्टमधे हे हमखास फुटतं.

आता व्हीआय, टर्मिनलमधला जुना एडिटर. ते शिकायचं की नाही हा प्रश्नच नाही, थोडं शिकावंच लागतं, कारण क्लायंटच्या सर्व्हरवर जंप होस्टमधून (मधल्या मशीनमधून) आत गेल्यावर तिथे दुसरं काही नसतं. बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला बर्कलीमधे लिहिलं, ज्या एडीएम-थ्रीए टर्मिनलवर लिहिलं त्याच्यावर बाण एच-जे-के-एल या अक्षरांवरच छापलेले होते आणि एस्केप की आजच्या टॅबच्या जागी होती, म्हणून ते सगळं तसं आहे. आपण त्या एस्केपसाठी पार कोपऱ्यात हात नेतो. कॅप्स लॉकला एस्केप करून घ्या, मराठी माणसाला कॅप्स लॉक तसाही कशाला लागतो. विम म्हणजे ब्रॅम मूलनार यांनी १९९१ मधे बाहेर आणलेली सुधारित आवृत्ती. आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न इतका सार्वत्रिक आहे की स्टॅक ओव्हरफ्लोवर त्या एका प्रश्नाला २०१७ पर्यंतच दहा लाखांवर लोक येऊन गेले होते, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही. एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर म्हणजे काही न बदलता बाहेर. डब्ल्यूक्यू म्हणजे सेव्ह करून बाहेर.

जगण्यापुरतं एवढं बघा: आय ने लिहायला सुरुवात, एस्केपने थांबायचं, यू ने अन्डू, डीडी ने ओळ उडवायची, स्लॅशने शोधायचं. याच्यापुढे जायची इच्छा झाली तर विमट्यूटर टाइप करा, अर्ध्या तासाचा धडा आहे. विमची खरी गंमत कर्सर हलवण्यात नाहीये, क्रियापद आणि जागा जोडण्यात आहे. सी म्हणजे बदल, आय म्हणजे आतलं, मग अवतरणचिन्ह, म्हणजे कोट्समधलं सगळं उडवून लिहायला तयार. अवतरणाच्या जागी कंस टाकला तर कंसातलं. आणि तेच पुढच्या ठिकाणी परत करायचं तर फक्त टिंब. हे एकदा हाताला लागलं की व्हीएस कोडमधे पण पाहिजे वाटतं, त्यासाठी विमचं एक्स्टेंशन आहे, मी ते वापरतो, पण सुरुवातीलाच टाकू नका, ते कंट्रोल-एफ सारखे ओळखीचे शॉर्टकट स्वतःकडे घेतं आणि दोन्हीकडची सवय अर्धवट राहते.

सर्व्हरवर फाइल बदलताना काही गोष्टी पाळा. सुडोअर्स फाइल (सुडो, म्हणजे ॲडमिनचे हक्क कोणाला हे ठरवणारी) सरळ उघडायची नाही, व्हीआयसुडो वापरायचं, चूक असेल तर ते सेव्ह करायच्या आधी सांगतं, नाहीतर सुडोच बंद पडतं आणि मग दुरुस्त करायला पण सुडो लागतं. इंजिनएक्सची कॉन्फिग बदलली की आधी इंजिनएक्स मायनस टी, मगच रीलोड. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉबची यादी) मायनस ई ने एडिट होतं आणि मायनस आर ने सगळे जॉब न विचारता उडतात, आणि कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे आधी क्रॉनटॅब मायनस एल चा आउटपुट एका फाइलीत टाकून ठेवा. आणि डॉकर कंटेनरच्या (ॲप चालवायच्या बंदिस्त डब्याच्या) आत गेलात तर तिथे बहुतेक वेळा व्हीआयपण नसतं, तिथे इन्स्टॉल करत बसू नका, फाइल बाहेरून बदलून डॉकर सीपीने आत टाका, आणि कायमचं पाहिजे असेल तर इमेजमधेच बदला.

दोन्हीकडे येजा करताना बोटांची सवय धोका देते. कंट्रोल-एस सगळ्यात वाईट. टर्मिनलमधे सवयीने दाबलं की सगळं थिजतं, टाइप केलेलं दिसत नाही, लोक खिडकीच बंद करतात. काही गेलेलं नसतं, कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. कंट्रोल-झेड म्हणजे अन्डू समजून विममधे दाबलं तर विम गायब होतो, तो मागे जाऊन बसलाय, एफजी टाइप केलं की येतो. आणि कंट्रोल-डब्ल्यू टर्मिनलमधे मागचा शब्द खोडतो, पण क्लाउडवाल्यांचं ते ब्राउझरमधलं टर्मिनल असेल तर पूर्ण टॅबच बंद होतो.

यावर "रिमोट एसएसएच आहे की, कशाला व्हीआय" असं कोणीतरी म्हणतंच. आहे, व्हीएस कोडचं एक्स्टेंशन आहे ते, आणि डेव्ह सर्व्हरसाठी उत्तमच आहे, एडिटर इथे आणि कोड तिथे. पण ते पलीकडच्या मशीनवर स्वतःचा सर्व्हर टाकतं, त्याला मेमरी लागते, आणि २०२५ मधे आलेल्या १.९९ व्हर्जनपासून त्याला जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ लागतं. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर ते २.१७ आहे, म्हणजे जुन्या सर्व्हरवर नेमकं गरज असताना जोडलं जात नाही. प्रॉडक्शनवर तर ते टाकूच नका. तिथे एसएसएच करून (टर्मिनलमधून लॉगिन करून) टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल जिवंत ठेवणारं साधन. लांबचं काम, मायग्रेशन वगैरे, टीमक्सच्या आतच सुरू करायचं, मधेच लाइट गेली आणि वायफाय पडलं तरी काम तिकडे चालू राहतं, परत लॉगिन करून टीमक्स अटॅच. मुद्दाम बाहेर पडायचं तर कंट्रोल-बी आणि डी.

दोन्ही जगांमधले पूल कमी लोक वापरतात. टर्मिनलमधून कोड आणि टिंब टाइप केलं की तो फोल्डर व्हीएस कोडमधे. कुठल्याही कमांडीच्या शेवटी पाइप लावून कोड आणि एक मायनस, आउटपुट थेट एडिटरच्या टॅबमधे. कोड मायनस जी नंतर फाइल कोलन ओळ, म्हणजे एररमधला पत्ता तसाच चिकटवायचा. गिटचा एडिटर म्हणून कोड द्यायचा तर पुढे मायनस मायनस वेट पाहिजेच, नाहीतर गिटला वाटतं तुम्ही लिहून झालं आणि रिकामा मेसेज बघून कमिट रद्द करतो. मर्ज कॉन्फ्लिक्ट आणि ओळी निवडून स्टेज करणं मी कायम व्हीएस कोडमधेच करतो, ते डोळ्याचं काम आहे. पण हा शब्द कोडमधून कधी गेला ते शोधायला गिट लॉग मायनस कॅपिटल एस, टर्मिनलमधेच. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर बॅड इंटरप्रिटर म्हणून अडली तर व्हीएस कोडमधे खाली उजवीकडे सीआरएलएफ (विंडोजच्या पद्धतीचा ओळीचा शेवट) लिहिलेलं असतं त्यावर क्लिक करून एलएफ करा.

राहिला मराठी मजकूर, ॲपमधल्या मराठी स्ट्रिंगच्या फाइली वगैरे. त्या टर्मिनलमधे एडिट करू नका, बऱ्याच टर्मिनलमधे जोडाक्षरं तुटतात, मात्रा भलतीकडे दिसते, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. व्हीएस कोडच्या एडिटरमधे नीट दिसतं (त्याच्या आतल्या टर्मिनलमधे नाही बरं का). पण एक केस अशी आहे जिथे एडिटरच फसवतो. "कर्मचाऱ्यांना" किंवा "बऱ्याच" मधला तो ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्तावाला ऱ वापरून आणि दुसरा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो, आणि सर्चला मात्र दोन वेगळे शब्द. फाइलमधे डोळ्यासमोर शब्द आहे आणि कंट्रोल-एफ म्हणतोय नाही. अशा वेळी ती ओळ ग्रेपने काढून एक्सएक्सडीला (बाइट दाखवणारी कमांड) पाइप करा. ई-टू, एटी, एट-डी असे तीन बाइट मधे दिसले तर जॉइनरवाला प्रकार, आणि ई-झीरो, ए-फोर, बी-वन दिसले तर नुक्तावाला. टीममधे एक प्रकार ठरवा, दुसरा सेडने बदलून टाका, गिट डिफमधे दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या दिसतील तरी कमिट करा आणि मेसेजमधे काय केलं ते लिहा, नाहीतर रिव्ह्यू करणारा विचारणारच की यात बदललं काय.